पाखरांची लोकनामे आणि कवितेचे वाचन : सोनपेठ परिसराच्या निमित्ताने एक भाषिक विचार

१. विषयप्रवेश

पदव्युत्तर वर्गात मराठी कविता शिकविताना एक अनुभव सर्वच अध्यापकांना येतो. कवितेत 'सुगरण', 'साळुंकी', 'भोरडी' किंवा 'पावशा' असा शब्द आला की टीपेत त्याचा अर्थ 'एक पक्षी' असा दिला जातो. थोडे विद्वत्तापूर्ण लिहायचे असेल तर 'पक्षिविशेष' असे म्हटले जाते. हा अर्थ चुकीचा नाही; परंतु तो पुरेसाही नाही. अनेक पक्ष्यांपैकी कवीने हाच का निवडला आणि या पक्ष्याला लोकांनी हेच नाव का दिले, या दोन्ही प्रश्नांना 'पक्षिविशेष' हा शब्द बगल देतो. पक्ष्याचे लोकनाम हे स्वतःच एक छोटे रूपक असते. ते ज्या समाजाने घडविले त्या समाजाची नजर, त्याचे श्रम आणि त्याचे नातेसंबंध त्यात साठविलेले असतात. हे रूपक उलगडले नाही तर कवितेतील रूपकाचा पायाच आपल्या हाती लागत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी सोनपेठ परिसर समोर ठेवला आहे. परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हा तालुका गोदावरी खोऱ्यातील काळ्या जमिनीचा, ज्वारी, कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि येथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. अशा तालुक्याच्या गावातून येणारा विद्यार्थी पाखरांची काही नावे घरून घेऊन येतो आणि काही वेगळी नावे पुस्तकातून शिकतो. या दोन नामावलींतील अंतर हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

एक खुलासा प्रारंभीच केला पाहिजे. पक्षिशास्त्रात 'गायक पक्षी' ही संज्ञा कंठाच्या रचनेवरून ठरते. पक्ष्यांच्या एकूण जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती पॅसेरिफॉर्मिस या गणात येतात आणि त्यांतील बहुसंख्य गायक पक्षी होत. या हिशेबाने चिमणी गायक ठरते, कावळाही गायक ठरतो; कोकिळा मात्र ठरत नाही. लोकमानसाने हा हिशेब अर्थातच मान्य केलेला नाही. येथे मुख्यतः लहान गायक पक्ष्यांचा विचार केला असला, तरी लोकांनी ज्यांचा आवाज ऐकून त्याला अर्थ दिला अशा एक-दोन अन्य पक्ष्यांचाही समावेश केला आहे.

२. नामसंकलनाची पूर्वपीठिका

मराठी पक्षिनामांची लेखी नोंद प्रथम इंग्रज अधिकाऱ्यांनी केली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनमधील पक्ष्यांची यादी सादर केली आणि तीत मराठ्यांमध्ये प्रचलित असलेली नावेही टिपली. टी. सी. जर्डन यांच्या १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात निरनिराळ्या देशी भाषांतील नावे आहेत. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. सोनपेठ ज्या संस्थानात होते त्या हैदराबादचे पक्षिसर्वेक्षण सालिम अली (१८९६–१९८७) यांनी १९३१–३२ मध्ये केले आणि ते सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले.

या सर्व प्रयत्नांचा हेतू पक्षिशास्त्रीय होता. भाषा हा त्यांचा विषय नव्हता. मराठी नावांकडे मराठीचा अभ्यासविषय म्हणून पाहण्याचे श्रेय प्रामुख्याने मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांना द्यावे लागते. वनखात्यातील नोकरीत त्यांनी आदिवासी, मच्छीमार, गुराखी यांच्या तोंडची नावे जमविली आणि त्यांचा 'पक्षीकोश' सिद्ध झाला. मराठी विभागांनी या सामग्रीचा जेवढा उपयोग करून घ्यावयास हवा होता तेवढा केलेला दिसत नाही.

इंग्लंडमधील घडामोडींशी याची तुलना उद्बोधक आहे. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने १८८३ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांची अधिकृत यादी प्रसिद्ध केली. त्यामुळे प्रमाण नावे रूढ होण्यास मदत झाली. पाठोपाठ १८८५ मध्ये चार्ल्स स्वेन्सन यांचा ब्रिटिश पक्ष्यांची प्रांतिक नावे आणि लोकसमजुती यांवरील ग्रंथ इंग्लिश डायलेक्ट सोसायटीने काढला. प्रमाणीकरण आणि बोलीनामांचे जतन ही दोन्ही कामे तेथे जवळजवळ एकाच वेळी झाली. आपल्याकडे प्रमाण नावांच्या याद्या सिद्ध झाल्या; तालुक्या-तालुक्यांतील बोलीनामांचे काम मात्र मागे राहिले.

३. नाव घडण्याच्या वाटा

मराठी लोकनामांचे ढोबळमानाने पाच वर्ग पडतात : व्यवसायावरून, रूपावरून, आवाजावरून, नात्यावरून आणि ऋतू वा वृक्षावरून पडलेली नावे. यांपैकी व्यवसायवाचक नावांचा वर्ग सर्वांत लक्षणीय आहे. पाने शिवून घरटे करणारा तो 'शिंपी'. पाणवठ्यावर शेपटी वरखाली आपटीत फिरणारा तो 'धोबी'. टोळ, सरडे मारून काट्याला टोचून ठेवणारा तो 'खाटीक'. नांगरटीच्या रानात हवेत उंच चढून पुन्हा पुन्हा कोलांट्या घेतल्यासारखा खाली झेपावणारा लहानसा चंडोल तो 'डोंबारी'. कावळ्याच्या आणि घारीच्या अंगावर धावून जाणारा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी तो 'कोतवाल'. कोतवालाच्या घरट्याच्या आसपास हळद्या, होला यांसारखे पक्षी आपली घरटी करतात आणि त्यांना आपोआप संरक्षण मिळते. म्हणजे हे नाव नुसत्या रुबाबावरून पडलेले नाही. त्यामागे बारकाईचे निरीक्षण आहे.

ही नावे एकत्र वाचली की पाखरांच्या जगात गावगाडाच उभा राहिल्याचे लक्षात येते. निसर्गाकडे पाहताना गावाने आपली समाजरचना बरोबर नेली. येथे एक प्रश्न अभ्यासकाने टाळता कामा नये. धोबी, खाटीक, डोंबारी ही जातिवाचक नावे आहेत. मग पक्ष्याला ती देण्यात हेटाळणी आहे काय? उपलब्ध नावांवरून तरी तसे दिसत नाही. या प्रत्येक नावात कसबाची ओळख आहे. उलट जातीचा निर्देश केवळ रंगरूपावरून झाल्याचे उदाहरण इंग्रजी नामावलीत आढळते. डोक्यावर काळी शेंडी असलेल्या एका मैनेला इंग्रजीत 'ब्राह्मिनी' हे विशेषण मिळाले. याच पक्ष्याचे मराठी नाव 'भांगपाडी मैना' असे आहे. मराठी नजरेला तेथे जात दिसली नाही, चापून बसविलेले केस दिसले.

रूपवाचक नावांतही हीच घरगुती दृष्टी आढळते. पिवळ्याजर्द पक्ष्याला इंग्रजीत 'ओरिओल' म्हणतात. हा शब्द सोनेरी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. मराठीने त्याला 'हळद्या' म्हटले. एका भाषेला सोने आठवले, दुसरीला स्वयंपाकघरातील आणि लग्नातील हळद आठवली. डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला चिमुकला पक्षी 'चष्मेवाला' झाला. त्यातील 'चष्मा' हा शब्द डोळा या अर्थाच्या फारसी 'चश्म'वरून आलेला असल्यामुळे हे नाव नकळत दुहेरी अर्थाने जुळले आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने '-या' हा प्रत्यय ध्यानात घ्यावा. वटवट करणारा तो वटवट्या, हळदीच्या रंगाचा तो हळद्या, नकला करणारा तो नकल्या, बुडाशी लाल असलेला तो लालबुड्या. रडक्या, लंगड्या, दाढ्या अशी माणसांची टोपणनावे मराठी गाव याच प्रत्ययाने घडविते. त्यात सलगी असते, थोडी टवाळीही असते. परकेपणा मात्र नसतो. प्रत्यय एकच असल्याने पाखरे भाषेच्या पातळीवर गावकरी ठरतात.

४. इंग्रजी लोकनामांशी तुलना

इंग्रजी लोकनामांतही व्यवसाय आहेत. आपल्या धोब्याच्या जातभाईला इंग्लंडच्या खेड्यांत 'डिशवॉशर', म्हणजे भांडी धुणारा, असे म्हणत. फ्रेंचमध्ये त्याला 'लावांदिएर', म्हणजे धुणे धुणारी, असे नाव आहे. पाण्याकाठी हलणारी शेपटी तिन्ही समाजांना धुण्या-घासण्याच्या कामासारखीच वाटली. खाटकाला इंग्रजीत 'बुचर बर्ड' म्हणतात आणि 'लॅनियस' या त्याच्या शास्त्रीय नावाचा लॅटिन अर्थही खाटीक असाच आहे. शिंप्याची गोष्ट किंचित वेगळी आहे. इंग्रजी 'टेलर बर्ड' आणि मराठी 'शिंपी' एकमेकांशी जुळतात. परंतु 'सुटोरियस' हे शास्त्रीय नाव लॅटिनमधील चांभारवाचक शब्दावरून आले आहे. टाका तोच, फक्त कोणी कापडावर पाहिला, कोणी चामड्यावर.

जेथे दोन परंपरा वेगळ्या होतात ते ठिकाण अधिक महत्त्वाचे आहे. इंग्रजांनी आपल्या अंगणातील पक्ष्यांना माणसांची विशेषनामे दिली. रॉबिन हे रॉबर्टचे लाडके रूप आहे. त्या पक्ष्याचे जुने नाव 'रडक' होते. पुढे तो 'रेडब्रेस्ट' आणि मग 'रॉबिन रेडब्रेस्ट' झाला. त्याची छाती वस्तुतः नारिंगी असते. पण हे नाव पडले तेव्हा इंग्रजीत त्या रंगासाठी स्वतंत्र शब्दच नव्हता. जेनी रेन, टॉम टिट, जॅकडॉ, मॅगपाय या नावांतही जेनी, टॉम, जॅक आणि मार्गारेटचे संक्षिप्त रूप मॅग दडलेले आहे. मराठीत पाखराला असे विशेषनाम देण्याची पद्धत जवळजवळ नाही. 'राघू' हे त्याला दिसणारे ठळक उदाहरण पोपटाचे आहे. इंग्रजी खेडुताने पाखराला व्यक्ती मानले, मराठी खेडुताने त्याला गावातले स्थान दिले, असा हा भेद सांगता येईल.

आणखी एक भेद शिष्टतेच्या कल्पनेचा आहे. इंग्रजीतील 'व्हीटइअर' या पक्षिनामाचा आज दिसणारा अर्थ 'गव्हाचे कणीस' असा आहे. मुळात ते पांढऱ्या बुडाचा या अर्थाचे रांगडे नाव होते. कालांतराने त्याचे रूप बदलले आणि मूळ अर्थ झाकला गेला. मराठीतील 'लालबुड्या बुलबुल' मात्र पुस्तकांतही तसाच राहिला. बोलीतील शब्दाला ग्राम्य म्हणून वगळू पाहणाऱ्या अध्यापकाने या दोन नावांची तुलना अवश्य करावी.

५. आवाजाचा अर्थ

पक्ष्याच्या आवाजात शब्द ऐकणे ही सार्वत्रिक प्रवृत्ती आहे. कोणते शब्द ऐकले जातात हे मात्र समाजाच्या गरजेवर अवलंबून असते. पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणारा 'पावशा' हे याचे उत्तम उदाहरण होय. हा कोकिळेच्या कुळातील पक्षी आहे. त्याच्या चढत जाणाऱ्या हाकेत हिंदी भाषकाला 'पी कहाँ' असा विरहिणीचा प्रश्न ऐकू येतो. बंगाली भाषकाला 'चोख गेलो', म्हणजे डोळे गेले, असा आक्रोश ऐकू येतो. भारतात आलेल्या इंग्रजाला उन्हाळ्याने हैराण केले होते. त्याने तेच स्वर 'ब्रेन फीव्हर', म्हणजे मेंदूज्वर, असे ऐकले. मराठी शेतकऱ्याने ऐकले 'पेरते व्हा'.

हे दोन शब्द थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. 'पेर' किंवा 'पेरा' अशी साधी आज्ञा येथे नाही. 'पेरते व्हा' यात कामाला लागण्याचा, कामाला लागलेल्या स्थितीत येण्याचा आग्रह आहे. शिवाय तो अनेकवचनी, म्हणजे साऱ्या गावाला उद्देशून आहे. ज्या भागातील शेती पावसावर अवलंबून आहे तेथे पेरणीची वेळ चुकली तर वर्ष हातचे जाते. त्या वर्षभराच्या भवितव्याची चिंता या हाकेत ऐकली गेली आहे. इंग्रजी शेतमजुराने यलोहॅमर या पिवळ्या पक्ष्याच्या गाण्यात 'थोडासा पाव, चीज मात्र नाही' अशा अर्थाचे शब्द ऐकले, त्यातही त्याच्या शिदोरीची तूटच बोलत होती. या उदाहरणांच्या आधारे असे म्हणता येईल की पक्ष्याचा स्वर हा लोकमनाला रिकामा साचा म्हणून मिळतो आणि त्यात जो तो आपली निकड ओततो.

६. लिंगविचार : सुगरण, सातभाई, कोकिळा

मराठीत प्रत्येक नामाला लिंग असल्याने पक्षिनाम घेताच आपण त्याचे स्त्रीत्व वा पुरुषत्व गृहीत धरतो. हे गृहीत आणि निसर्गातील वस्तुस्थिती यांत अनेकदा विरोध असतो. 'सुगरण' हे नाव चांगला स्वयंपाक आणि नेटका संसार करणाऱ्या स्त्रीचे आहे. प्रत्यक्षात गवताच्या धाग्यांचे ते लोंबते घरटे नर विणतो. सालिम अली यांनी अलिबागजवळ किहीम येथे या पक्ष्यांचे निरीक्षण करून १९३१ साली निबंध प्रसिद्ध केला. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन त्याची पाहणी करते, पसंत पडले तर तेथे राहते. मग नर ते पूर्ण करून दुसरे घरटे विणावयास घेतो, असा क्रम त्यांनी मांडला.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या प्रसिद्ध कवितेतील सुगरण मात्र पिलांसाठी खोपा बांधणारी आई आहे. मग कवितेत चूक आहे काय? विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न येतो आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने कर्ता नर आहे. परंतु कविता पक्ष्यावर जशी आहे तशी 'सुगरण' या शब्दावरही आहे. भाषेने आधीच या पक्ष्याला घर सांभाळणारी स्त्री ठरविले होते. बहिणाबाईंनी त्या शब्दातील रूपक पूर्णत्वास नेले आणि हातांशिवाय, साधनांशिवाय उभ्या राहणाऱ्या बाईच्या कसबाचा गौरव केला. खेड्यातील स्त्रीच्या अबोल श्रमाला तिच्याच शब्दातून प्रतिष्ठा मिळाली, हे त्या कवितेचे मोल आहे. नर विणतो हे ठाऊक असलेल्या वाचकाला हे मोल अधिक स्पष्ट दिसते. कारण निसर्गाने जे दिले नव्हते ते भाषेने दिले, हे त्याच्या लक्षात येते.

'सातभाई' या नावाची कथा उलट दिशेची आहे. धुरकट रंगाचे, सदैव टोळीने फिरणारे आणि कलकलाट करणारे हे पक्षी भारतातील इंग्रजांच्या बोलीत 'सेव्हन सिस्टर्स', म्हणजे सात बहिणी, आहेत. गलका ऐकून इंग्रजाला बहिणी आठवल्या. मराठी माणसाला एकत्र कुटुंबातील भाऊ आठवले. या पक्ष्यांच्या टोळीत एका जोडप्याच्या पिलांना इतर सदस्यही चारा भरवितात. सात हा आकडा येथे मोजमाप नसून भरल्या घराची खूण आहे.

कोकिळेच्या बाबतीत तर आपली सारी काव्यपरंपराच नावाच्या लिंगामागे गेली आहे. कुहू हा स्वर नर कोकिळाचा. मादीचा आवाज अगदी वेगळा, तुटक असतो. तरीही गायिकेला 'गानकोकिळा' म्हणणे आपल्याला स्वाभाविक वाटते. सरोजिनी नायडू यांना इंग्रजीत 'भारताची नाइटिंगेल' म्हटले गेले आणि मराठीत त्याचे 'भारतकोकिळा' झाले. नाइटिंगेलमध्येही गातो तो नरच. पक्षी बदलला, खंड बदलला. स्त्रीच्या कंठाचा संकेत मात्र कायम राहिला. काव्यसंकेत प्रत्यक्ष निरीक्षणापेक्षा किती बळकट असतात याचा हा पुरावा आहे.

७. नावांचे स्थलांतर

पक्ष्यांप्रमाणे त्यांची नावेही स्थलांतर करतात, आणि नव्या मुलखात त्यांना नवे अर्थ चिकटतात. 'दयाळ' या सुरेल, काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचे नाव पाहावे. हिंदीत 'दहियल', बंगालीत 'दोयेल' अशी त्याची रूपे आहेत. मराठी कानाने त्यात 'दयाळू' ऐकला. इंग्रजांनी त्याच देशी शब्दाचे 'डायल बर्ड' केले आणि मग 'डायल' म्हणजे सूर्यघड्याळ असा समज होऊन लिनियसने १७५८ मध्ये योजलेल्या 'सौलॅरिस' या शास्त्रीय नावाचा संबंधही सूर्याशी जोडला गेला. पुढे एडवर्ड ब्लाइथ यांनी हे नाव शंभर सुरांचा पक्षी या अर्थाच्या देशी शब्दावरून आल्याचे दाखवून दिले. अपरिचित ध्वनीला ओळखीचा अर्थ देण्याची ही प्रक्रिया लोकव्युत्पत्ती या नावाने आपण भाषाविज्ञानात शिकवितो. तिच्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

'बुलबुल' हा शब्द फारसी काव्यातून आला. तेथे तो गुलाबावर झुरणाऱ्या नाइटिंगेलचा वाचक आहे. दख्खनमध्ये तो पक्षी नाही. नाव मात्र आले आणि कुंपणावर बागडणाऱ्या वेगळ्याच पक्ष्याला चिकटले. म्हणून मराठवाड्यातील उर्दू गझलेत बुलबुल वाचताना एक पक्षी आणि मराठी ग्रामीण कथेत बुलबुल वाचताना दुसरा पक्षी डोळ्यांपुढे आणावा लागतो. संस्कृत कोशांत 'भरद्वाज' शब्दाचा अर्थ चंडोल असा दिलेला आढळतो. मराठीतील 'भारद्वाज' मात्र तपकिरी पंखांचा, मोठा, काळा, कुंपणातून चालणारा पक्षी आहे. त्यालाच 'कुंभारकावळा' आणि 'कुकुडकोंबा' अशीही नावे आहेत. जुन्या ग्रंथातील नाव आजच्या अर्थाने वाचण्याचा मोह या उदाहरणामुळे आवरावा. इंग्रजीतही असेच घडले. अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी तेथील तांबूस छातीच्या कस्तुराला रॉबिन म्हटले. भारतात आपल्या 'चीरक' पक्ष्याला 'इंडियन रॉबिन' हे नाव मिळाले. त्याचा तांबूस रंग तर छातीवर नसून शेपटीखाली आहे.

८. ग्रंथनामे आणि लोकनामे

पक्षिनिरीक्षणाचा छंद वाढला तशी प्रत्येक जातीला स्वतंत्र मराठी नाव देण्याची गरज निर्माण झाली. ही गरज खरी आहे. लोकभाषेने बारीक वटवट करणाऱ्या कितीतरी पक्ष्यांना 'वटवट्या' या एकाच नावात बसविले होते. शास्त्राला तसे चालत नाही. या गरजेतून 'सूर्यपक्षी', 'स्वर्गीय नर्तक', 'पल्लवपुच्छ कोतवाल', 'राखी वटवट्या' यांसारखी नावे पुस्तकांत आली. त्यांतील काही सुंदर आहेत. 'पल्लवपुच्छ कोतवाल' यात संस्कृत समास आणि लोकनाम यांचा संसार बरा जमला आहे. 'बोरू वटवट्या' हे नावही चांगले. बोरूच्या बेटात राहणाऱ्या पक्ष्याला ते शोभते.

काही ठिकाणी मात्र भाषांतर मूळ पक्ष्याऐवजी इंग्रजी शब्दाकडे पाहून झालेले दिसते. लहानशा काळ्या-पांढऱ्या 'चॅट' पक्ष्याला मराठीत 'कवड्या गप्पीदास' म्हणतात. इंग्रजीतील 'चॅट' हे पक्षिनाम त्याच्या आवाजाची नक्कल आहे. गप्पा मारण्याशी त्याचा संबंध नाही. 'गप्पीदास' हे नाव त्या शब्दाच्या दुसऱ्या अर्थावरून सुचले असावे. नाव मजेदार आहे, रूढही झाले आहे. तथापि ते रानातून आलेले नसून कोशाच्या पानातून आलेले वाटते. 'सूर्यपक्षी' हे इंग्रजी 'सनबर्ड'चे शब्दशः रूप आहे. याच पक्ष्याला 'शिंजीर' हे मराठी नाव उपलब्ध आहे, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. ग्रंथनामांना विरोध करण्याचे कारण नाही. प्रमाण नाव आल्यामुळे बोलीनाम चुकीचे ठरत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

९. राखणीची नजर आणि कवितेचे वाचन

ही लोकनामे कोणी घडविली, असा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा शेतराखणीपाशी जाते. ज्वारीचे कणीस दाण्यावर आले की मचाणावर उभे राहून, गोफण फिरवीत, डबा वाजवीत पाखरे राखावी लागत. सकाळ-संध्याकाळ पाखरांकडे इतक्या एकाग्रतेने पाहणारा दुसरा कोण होता? त्यात म्हातारी माणसे, बायका आणि शाळेत न गेलेली मुले असत. हिवाळ्यात मध्य आशियाकडून थव्याथव्याने येणारी गुलाबी-काळी 'भोरडी' ही त्यांची मोठी शत्रू. त्याच पक्ष्याला पळस फुलल्यावर तो फुलांवर दिसतो म्हणून 'पळस मैना' हेही नाव मिळाले. एकच पक्षी पिकावर असतो तेव्हा भोरडी आणि पळसावर असतो तेव्हा मैना! संदर्भानुसार नाव बदलणारी ही भाषा अडाणी म्हणता येणार नाही.

सुगरणही धान्य खाते. ज्या हाताने तिच्यावर गोफण फिरविली त्याच समाजाने तिला घरातील सर्वांत गौरवाचे नाव दिले. या नावांमागे निसर्गाविषयीचा भाबडा जिव्हाळा नव्हता. स्पर्धा होती, नुकसान होते, आणि तरीही प्रतिस्पर्ध्याच्या कसबाला दाद देण्याचा मोठेपणा होता. ग्रामीण जीवनाचे गुलाबी चित्र रंगविणाऱ्या आणि ते केवळ दैन्याचे मानणाऱ्या, अशा दोन्ही टोकांच्या समीक्षेला हा मुद्दा विचारात घ्यावा लागेल.

या दृष्टीने काही कविता शेजारी ठेवून वाचाव्यात. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या 'केवढे हे क्रौर्य' या कवितेतील घायाळ पक्षीण कोणत्या जातीची, हे कवितेला महत्त्वाचे नाही. तेथे करुणेचा विषय व्हावयास पक्षीपणा आणि मातृत्व पुरेसे आहे. बहिणाबाईंची सुगरण दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याने बदलता येत नाही. पहिल्या कवितेत पाखरू भावनेचे निमित्त आहे, दुसरीत ते कर्तृत्वाचा नमुना आहे. मराठवाड्याचे ना. धों. महानोर (१९४२–२०२३) स्वतः शेतकरी होते. 'रानातल्या कविता' (१९६७) या संग्रहापासून त्यांच्या कवितेत पीक आणि पाखरू एकाच अनुभवाचे भाग म्हणून येतात. जात्यावरच्या ओवीत आई मुलाला 'राघू' आणि मुलीला 'मैना' म्हणते. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील छक्कडीत मैना आधी गावाकडे राहिलेली प्रिया असते आणि पुढे तुटलेल्या मुलखाचे प्रतीक होते. रानात 'साळुंकी' म्हणून वावरणारी ही पाखरांची जात गाण्यात मात्र 'मैना' होऊन येते, हा भेदही टिपण्यासारखा आहे. कवितेत कोणते नाव निवडले आहे यावरून कवी शेतात उभा आहे की ओवीच्या परंपरेत, हे पुष्कळदा कळते.

१०. संकलनाची दिशा

मराठवाड्यात ज्वारीचे क्षेत्र घटले, सोयाबीन आणि कापूस वाढला. या पिकांवर पाखरे राखण्याची गरज तशी नसते. म्हणजे ज्या कामातून ही नावे जन्मली ते कामच ओसरत आहे. ज्यांनी मचाणावर हिवाळे काढले ती माणसे आज वृद्ध आहेत. त्यांच्याबरोबर नावे जातील, आणि नावांबरोबर ती समजण्याची रीतही जाईल.

सोनपेठ परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हा विषय घेता येईल. पद्धत साधी असावी. प्रथम चित्र वा प्रत्यक्ष पक्षी दाखवून नाव विचारावे. नाव सांगून पक्षी ओळखावयास लावू नये. सांगणाऱ्याचे गाव, वय, काम आणि घरातील भाषा लिहून ठेवावी. कारण मराठी, दखनी, लमाणी बोलणाऱ्यांची नावे वेगळी असण्याचा संभव आहे. उच्चार जसा असेल तसा लिहावा, तो 'शुद्ध' करू नये. एका पक्ष्याला दोन नावे मिळाली तर दोन्ही ठेवावीत आणि कोणते नाव केव्हा वापरतात हे विचारावे. नावामागची गोष्ट, म्हण, उखाणा किंवा ओवी मिळाली तर ती सांगणाऱ्याच्या शब्दांतच उतरवावी. जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने झाले, त्यात शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांच्याही ओव्या आहेत. गाणारी आणि तिचे गाव यांची नोंद ठेवण्याची त्यांची शिस्त येथे आदर्श मानावी.

११. निष्कर्ष

(१) मराठी पक्षिनामांत व्यवसायवाचक नावांचा वर्ग विशेष ठळक आहे आणि त्यामागे गावगाड्याची रचना आहे. इंग्रजी लोकनामांत व्यक्तिनामांची प्रवृत्ती ठळक आहे.

(२) आवाजावरून लावलेले अर्थ त्या त्या समाजाची निकड सांगतात. 'पेरते व्हा' हा त्याचा उत्कृष्ट मराठी नमुना होय.

(३) नामाचे व्याकरणिक लिंग काव्यसंकेत घडविते. ते पक्षिशास्त्राशी जुळत नसेल तेथे कवितेला दोष देण्याऐवजी भाषेने केलेली निवड अभ्यासावी.

(४) ग्रंथनाम आणि लोकनाम यांची कामे वेगळी आहेत. पहिले पक्षी ओळखण्यासाठी आहे, दुसरे पक्ष्याकडे पाहणाऱ्या माणसाला ओळखण्यासाठी आहे.

(५) पाठ्यपुस्तकांच्या टीपांत 'एक पक्षी' असा अर्थ देण्याची प्रथा सोडून, पक्ष्याचे रूप, सवय आणि नावाचा अर्थ दोन ओळींत द्यावा. त्यासाठी लागणारी माहिती अजून तरी आपल्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांपाशी आहे. ती विचारून घेण्याचे काम मराठी विभागांचे आहे.